राजपुत्राचं नाव ‘लाज’ कोण ठेवेल? मफीबोशेथ या नावामागची गोष्ट

रविवारच्या उपासनेत वाचनाची पाळी आली आणि बायबलमधल्या २ शमुवेलाचा नववा अध्याय निघाला, की वाचणारा ओठांतल्या ओठांत ते नाव आधी एकदा म्हणून बघतो: म-फी-बो-शेथ. तेरा वचनांच्या त्या अध्यायात ते सहा-सात वेळा येतं. मीही लहानपणी असाच अडखळत वाचत आलो. नावाचा अर्थ शोधावा हे डोक्यात यायला मात्र बरीच वर्षं गेली, आणि शब्दकोश उघडल्यावर थबकलोच. ‘बोशेथ’ म्हणजे लाज. शरमेची गोष्ट.

हा मुलगा योनाथानचा. योनाथान म्हणजे इस्राएलचा पहिला राजा शौल याचा थोरला मुलगा, दावीदाचा जिवाभावाचा मित्र. गादीच्या वारसाला मुलगा होतो आणि त्याच्या नावात तो ‘लाज’ घालतो, हे पटायला जड जातं. त्यात आणखी एक कोडं. बायबलच्याच १ इतिहास या पुस्तकात, आठव्या अध्यायातल्या वंशावळीत, योनाथानच्या मुलाचं नाव भलतंच दिलंय: मरीब-बआल. बाप तोच, आजोबा तोच, आणि या मुलाचा मुलगा मीखा, तोही दोन्हीकडे तोच. फक्त याचं नाव दोन ठिकाणी दोन.

२०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली इस्राएलमधल्या उत्खननांच्या बातम्या जगभर छापून आल्या. मातीच्या भांड्यांवर तीन हजार वर्षांपूर्वीची, ‘बआल’नं संपणारी नावं सापडली होती. ‘बायबलमधलं नाव सापडलं’ एवढं सांगून बातम्या थांबल्या. त्या नावांचा आपल्या अडखळवणाऱ्या नावाशी काय संबंध आहे, ते इथे सविस्तर सांगतो.

आधी तो मुलगा

गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना शौल आणि योनाथान एकाच दिवशी मारले गेले. बातमी घरी आली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. राजघराणं बुडालं की वारसांचं काय होतं हे दाईला माहीत होतं. तिनं पोराला उचललं आणि पळत सुटली. त्या घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा अधू झाला. हे सगळं बायबल एका वचनात सांगतं आणि शेवटी म्हणतं, त्याचं नाव मफीबोशेथ.

पुढे दावीद राजा झाला आणि त्यानं विचारलं, योनाथानसाठी मी उपकार करावा असं शौलाच्या घरातलं कोणी उरलंय का? तेव्हा हा यार्देनेपलीकडे लो-दबार नावाच्या गावी, माखीर नावाच्या माणसाच्या आश्रयाला होता. दरबारात आणल्यावर त्यानं स्वतःला ‘मेलेला कुत्रा’ म्हटलं. दावीदानं त्याला आजोबांच्या जमिनी परत दिल्या आणि रोज आपल्या पंगतीला बसवलं. नंतर दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडाच्या वेळी सीबा नावाच्या कारभाऱ्यानं त्याच्याविरुद्ध राजाचे कान भरले. दावीद परतला तेव्हा मफीबोशेथ सामोरा गेला तो पायांची निगा न राखलेला, दाढी वाढलेली, अंगावर मळके कपडे, असा. राजा निघून गेला त्या दिवसापासून त्यानं स्वतःकडे लक्षच दिलं नव्हतं. राजा म्हणाला, जमीन तू आणि सीबा वाटून घ्या. त्यावर त्याचं उत्तर होतं: सगळी त्यालाच घेऊ द्या, महाराज सुखरूप परत आले एवढं पुरे.

इतक्या सोशिक माणसाच्या नावात ‘लाज’ बघून पुष्कळांना वाटतं की नाव त्याच्या अपंगत्वावरून पडलं असेल. ते शक्य नाही. त्याच नावाचा दुसरा माणूस २ शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात येतो. तो शौलाचाच मुलगा, रिस्पा या उपपत्नीपासून झालेला, आणि तो अपंग असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय योनाथानच्या एका भावाच्या नावातही हीच लाज आहे: ईश-बोशेथ, म्हणजे ‘लाजेचा माणूस’. १ इतिहासात हाच भाऊ ‘एश-बआल’ होऊन येतो. एका घरात तेच दोनदा घडावं, हा योगायोग वाटत नाही.

हिब्रू नाव म्हणजे छोटंसं वाक्य

आपल्याकडे देवदत्त म्हणजे देवानं दिलेला. हिब्रूत योनाथान म्हणजे जवळपास तेच: ‘यो’ हे देवाच्या नावाचं आखूड रूप आणि ‘नाथान’ म्हणजे त्यानं दिलं. नथनेल म्हणजे ‘एलनं, देवानं, दिलं’. एलिया म्हणजे ‘माझा देव याह’. अशा देवाचं नाव गुंफलेल्या नावांना आपण इथे देवनामयुक्त नावं म्हणू. विठ्ठल, रामदास, खंडेराव ही नावं घेऊन फिरणाऱ्या मराठी माणसाला ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही. घराण्यात कोणता देव पुजला जातो, ते मुलांच्या नावांवरून कळतं.

इस्राएलच्या देवाचं नाव हिब्रूत चार व्यंजनांनी लिहितात. ते बहुधा ‘याहवे’ असं उच्चारत असावेत. माणसांच्या नावात ते पुढे आलं तर ‘यो’ किंवा ‘यहो’ होतं आणि शेवटी आलं तर ‘या’ किंवा ‘याहू’ होतं. ‘एल’ म्हणजे देव, सर्वसाधारण अर्थानं.

आणि ‘बआल’?

बआल म्हणजे मालक, धनी

हा शब्द आपल्या ‘बाल’शी म्हणजे मुलाशी जोडू नका. बआल म्हणजे मालक, स्वामी. घराचा मालक, बैलाचा मालक. आणि बायकोच्या तोंडी नवरा. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या बायका ‘आमचे मालक शेतावर गेलेत’ किंवा ‘आमचे धनी’ म्हणत, अगदी तसंच. आजच्या हिब्रूतही ‘बआली’ म्हणजे माझा नवरा. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजाच्या घरांत एकीकडे मराठी जपली जाते आणि दुसरीकडे रोजच्या हिब्रूत हा शब्द सर्रास येतो. तिथल्या काही स्त्रियांना तो खटकतो. नवरा म्हणजे मालक कशाला, असं म्हणून त्या ‘ईशी’, म्हणजे ‘माझा पुरुष’, हा शब्द वापरतात.

देवालाही माणूस स्वामी म्हणतोच. त्यामुळे कनानी लोक, म्हणजे त्या भागातले जुने रहिवासी, आपल्या पावसाच्या आणि वादळाच्या देवाला बआल म्हणत. हळूहळू पदवीचंच नाव झालं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल आपल्याला शाळेपासून माहीत असतो. त्याच्या नावाचा शेवटही हाच आहे: हॅनि-बआल, बआलची कृपा. कार्थेज ही फिनिशियन लोकांची वसाहत होती आणि त्यांची भाषा हिब्रूची सख्खी बहीण.

शौलानं एका मुलाचं नाव याहवेच्या नावावरून योनाथान ठेवलं आणि दुसऱ्याचं एश-बआल, ‘बआलचा माणूस’. त्यावरून तो मूर्तिपूजक होता असं म्हणायची घाई करू नये. खुद्द दावीदाच्या एका मुलाचं नाव १ इतिहासात ‘बएल्यादा’ आहे, म्हणजे ‘बआल जाणतो’. २ शमुवेलात त्याच मुलाचं नाव ‘एल्यादा’ झालंय, ‘एल जाणतो’. दावीदाला येऊन मिळालेल्या योद्ध्यांत एकाचं नाव ‘बआल्या’ आहे, आणि मला ते फार बोलकं वाटतं. त्याचा अर्थ ‘याहवे हाच बआल’, याहवे हाच माझा धनी. त्या काळी स्वामी हा शब्द अजून कोणा एकाच्या मालकीचा झाला नव्हता. इस्राएली माणूस आपल्या देवालाच बआल म्हणू शकत होता आणि मुलाच्या नावात ते अभिमानानं गुंफत होता.

मग या शब्दाला डाग कधी लागला?

शौल-दावीदानंतर साधारण शंभर-सव्वाशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी नवव्या शतकात, उत्तरेकडच्या राज्यात अहाब गादीवर आला. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. त्या राजाचं नावही ‘एथबआल’. शोमरोन या राजधानीत बआलचं देऊळ उभं राहिलं. आता बआल म्हणजे नुसता ‘स्वामी’ राहिला नाही. तो राजाश्रय मिळालेला दुसरा देव झाला, याहवेचा थेट प्रतिस्पर्धी. कर्मेल डोंगरावर बआलच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहणारा एलिया याच काळातला. लोकांनी कोणाला देव म्हणायचं हा तिथला वाद, आणि एलियाचं नाव म्हणजेच त्याचं उत्तर: माझा देव याह. (अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर जी खूण आहे, तिला बेने इस्राएल लोक ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. तो एलिया हाच. मलिद्याच्या ताटासमोर आजही त्याचंच नाव घेतलं जातं.)

पुढच्या शतकात होशेय संदेष्टा म्हणतो की असा दिवस येईल, तू मला ‘ईशी’ म्हणशील, ‘बआली’ म्हणणार नाहीस. बआलांची नावं मी तुझ्या तोंडातून काढून टाकीन. देव आणि त्याची प्रजा यांचं नातं होशेय नवरा-बायकोचं म्हणून रंगवतो. त्याच्या वाक्यातला ओलावा मराठीत चटकन कळतो: मला ‘मालक’ म्हणू नकोस, ‘माझा माणूस’ म्हण. होशेयच्या दृष्टीनं तो जुना निष्पाप शब्द आता तोंडात घेण्याजोगा उरला नव्हता.

लिहिलेलं एक, वाचायचं दुसरं

काही शब्द तोंडातून काढायचे नाहीत हे आपल्याला घरातच शिकवलं जातं. माझी आजी ‘दिवा विझव’ कधी म्हणाली नाही. ‘दिवा मालव’ म्हणायची. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानही बंद होत नाही, वाढवतात. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं. अशुभ टाळायला आपण जागी चांगला शब्द आणून बसवतो.

हिब्रू लेखनिकांनी बआलच्या बाबतीत उलटं केलं. जागी मुद्दाम वाईट शब्द बसवला: बोशेथ, लाज. निर्गमच्या पुस्तकात आज्ञाच आहे की इतर देवांची नावं तुझ्या तोंडून ऐकू येऊ नयेत. मग शास्त्र मोठ्यानं वाचताना बआल आलं तर करायचं काय? ‘लाज’ म्हणायचं. होशेय बआल-पौराच्या, म्हणजे पौर या ठिकाणच्या बआलच्या, पूजेबद्दल सांगताना, लोकांनी स्वतःला ‘बोशेथ’ला वाहून घेतलं, असं म्हणतो. यिर्मया संदेष्टा तर एकाच वाक्यात ‘बोशेथसाठी वेद्या’ आणि ‘बआलला धूप जाळायच्या वेद्या’ असं शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही शब्द एकाच देवाबद्दल.

या सवयीची एक खूण नव्या करारातही उरली आहे. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, ‘बआलपुढे गुडघे टेकले नाहीत’ असं जुनं वचन दिलंय. मूळ ग्रीकमध्ये बआल या पुल्लिंगी देवाला तिथे स्त्रीलिंगी उपपद लागलंय. मराठीत म्हणायचं तर ‘तो बआल’ऐवजी ‘ती बआल’. अभ्यासक त्याचं कारण असं सांगतात: ग्रीकमध्येही लाज स्त्रीलिंगी आहे, आपल्यासारखीच ‘ती लाज’. डोळ्यांसमोर ‘बआल’ लिहिलेलं, पण वाचणाऱ्यानं ‘लाज’ म्हणावं म्हणून ‘ती’ची खूण. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर कर्मेलच्या प्रसंगात बआलच्या संदेष्ट्यांना थेट ‘लाजेचे संदेष्टे’ म्हटलंय.

आता मफीबोशेथकडे परत येऊ. एश-बआलचा ईश-बोशेथ झाला. मरीब-बआलचा मफीबोशेथ झाला. आणि तिसरं उदाहरण सगळ्यांत पक्कं. गिदोन या शूर न्यायाधीशाचं दुसरं नाव शास्ते या पुस्तकात ‘यरुब्बआल’ आहे, कितीतरी वेळा. त्याचीच आठवण २ शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात निघते तेव्हा तो ‘यरुब्बेशेथ’ होतो. माणूस तोच, गोष्ट तीच, फक्त बआलच्या जागी लाज आलेली. एकोणिसाव्या शतकात अब्राहम गायगर या जर्मन यहुदी विद्वानानं ही जुळणी नीट मांडली, आणि तेव्हापासून बहुतेक अभ्यासक हेच स्पष्टीकरण धरून चालतात.

थोडक्यात, योनाथाननं मुलाचं नाव लाज ठेवलं नव्हतं. त्यानं ‘धनी’ ठेवलं होतं. लाज नंतरच्या हातांनी लिहिली.

‘पण आईबाप वाईट नावं ठेवतातच की’

ही शंका रास्त आहे. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरोबा ही नावं प्रेमानंच ठेवली गेली, मूल जगावं आणि दृष्ट लागू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला ‘नकोशी’ आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात हे नाव वागवणाऱ्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. म्हणजे लाजिरवाणं नाव जन्मापासून मिळू शकतं, हे आपण नाकारू शकत नाही.

पण इथे तसं घडलं असेल असं मला वाटत नाही. दृष्टीसाठी ठेवलेलं नाव सगळीकडे तेच राहतं. दगडू गावच्या वहीत दगडूच असतो. इथे एका पुस्तकात लाज आणि दुसऱ्यात बआल आहे, आणि ही अदलाबदल नेमकी ज्या नावात बआल येतं तिथेच होते. योनाथान, मल्कीशुवा, मीखा या त्याच घरातल्या नावांना कोणी हात लावलेला नाही.

‘मग नंतरच्या पुस्तकात जुनं नाव कसं?’

हा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटायचा. १ इतिहास हे पुस्तक शमुवेलाच्या पुस्तकांहून बरंच नंतरचं, इराणच्या (पर्शियन) साम्राज्याच्या अमलातलं किंवा त्याच्या आसपासचं मानतात. बदल पुढच्या काळात झाला असेल तर तो नंतरच्या पुस्तकात दिसायला हवा. दिसतो जुन्यात.

उत्तर वाचकांच्या सवयीत आहे. शमुवेलाची पुस्तकं म्हणजे दावीदाची गोष्ट: गल्याथ, बथशेबा, अबशालोम. ती लोकांना प्रिय, म्हणून पुन्हा पुन्हा वाचली आणि उतरवली गेली. ती जितक्या हातांतून गेली तितके त्यांच्यावर हात फिरले. उलट १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे बहुतांशी नावांच्या याद्या. तिथे कोण कशाला दुरुस्ती करत बसेल? घरातल्या रोजच्या भांड्याला कल्हई होते, माळ्यावरचं आहे तसं राहतं. इतिहासकारानं आपली माहिती शमुवेलाच्या एखाद्या जुन्या, हात न फिरलेल्या प्रतीवरून घेतली असणार, आणि ती याद्यांच्या अडगळीत सुखरूप राहिली.

शमुवेलाच्या प्रतींत घोळ झाला होता, हे मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांतही दिसतं. १९५२ साली उघडकीस आलेल्या चौथ्या गुहेत शमुवेलाची एक फार जुनी प्रत मिळाली. तिच्यात ईश-बोशेथचं नाव यायला हवं तिथे मफीबोशेथ लिहिलंय. काका-पुतण्यांच्या नावांची सरमिसळ ग्रीक भाषांतरातही आहे. बआल काढून दोघांच्या शेवटी एकच शब्द लावला की गोंधळ व्हायचाच.

‘सगळेच बआल का नाही बदलले?’

शमुवेलाच्याच पहिल्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, ‘यरुब्बआल’ तसंच राहिलंय. ‘बआल-परासीम’ हे गावाचं नावही तसंच आहे. शुद्धीकरण करायचं होतं तर हे कसे सुटले?

कारण हे काम एका कचेरीनं एका दिवशी केलेलं नाही. वेगवेगळ्या काळच्या वेगवेगळ्या हातांनी, जिथे टोचलं तिथे बदललं. १९९५ साली शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, तरी हायकोर्ट आजही बॉम्बे हायकोर्ट आहे आणि पवईची संस्था आयआयटी बॉम्बे. दोन हजार वर्षांनी कोणी या पाट्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यालाही वाटेल की इथे काहीतरी विसंगती आहे. विसंगती नाही, बदल असाच होतो.

मातीनं दिलेली साक्ष

आता त्या बातम्यांकडे. एला खोऱ्यात, जिथे दावीद-गल्याथची लढाई झाली असं बायबल सांगतं, तिथे खिरबेत केयाफा नावाची तटबंदी असलेली जुनी वस्ती आहे. २०१२ साली तिथे एका रांजणाचे तुकडे मिळाले. शेकडो खापऱ्या जोडून रांजण उभा केला तेव्हा खांद्यावरची अक्षरं लागली: ‘एशबआल बेन बेदा’, म्हणजे बेदाचा मुलगा एशबआल. रांजण भाजण्याआधी, माती ओली असताना, कोणीतरी ते नाव सावकाश कोरलेलं आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वी ११वं शतक संपता ते १०वं शतक लागता. उत्खनन करणारे योसेफ गार्फिंकेल आणि सार गानोर यांनी २०१५ साली हे जाहीर केलं. हा शौलाचा मुलगा नव्हे, त्याच्या बापाचं नाव वेगळं आहे. पण शौल-दावीदाच्या काळी हे नाव तिथले लोक खरोखर ठेवत होते, हे या रांजणानं दाखवलं.

२०२१ साली खिरबेत अल-राई इथल्या एका लहान भांड्याच्या तुकड्यांवर शाईनं लिहिलेलं ‘यरुब्बआल’ जाहीर झालं. ते आणखी जुनं, इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराचं. हाच गिदोन असं म्हणता येणार नाही, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण शास्त्यांच्या काळातलं शास्त्यांच्या पुस्तकातलं नाव, आणि शेवटी बआल, बेशेथ नाही.

उलट बाजूही बघा. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या शिक्क्यांवर आणि मुद्रांवर नावांची रेलचेल आहे, आणि त्यांत ‘याहू’नं संपणारी ढिगानं. बआलची जवळजवळ नाहीतच. यहूदातल्या लोकांनी ते नाव ठेवणं सोडलं होतं.

हे सगळ्यांना मान्य आहे का?

नाही. मतितियाहू त्सेवात या विद्वानानं १९७५ साली वेगळी बाजू मांडली. मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत ‘बाश्तु’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ तेज, प्रतिष्ठा, माणसाचा पाठीराखा देवदूत असा काहीसा, आणि तो अक्कादी व्यक्तिनावांतही येतो. त्याच्या मते ‘बोशेथ’ हा त्याचाच हिब्रू भाऊ असू शकतो. मग ईश-बोशेथ म्हणजे ‘तेजस्वी माणूस’ आणि लाजेचा प्रश्नच उरत नाही. १९९८ साली गॉर्डन हॅमिल्टन यांनी या बाजूनं आणखी पुरावे मांडले.

ही सूचना मी हलक्यानं घेत नाही. एकाच माणसाची दोन नावं असणं त्या काळी नवल नव्हतं. पण यरुब्बआल-यरुब्बेशेथ या जोडीपाशी ती मला अडते. शिवाय होशेय आणि यिर्मया बआलच्या जागी बोशेथ बसवतात, तेव्हा त्यांना तेज म्हणायचं नाही, एवढं स्पष्ट आहे. माझा कौल बदलाच्या बाजूनंच.

आणि ‘मफी’ म्हणजे काय?

इथे जमीन भुसभुशीत आहे. ‘मिप्पी’ म्हणजे ‘मुखातून’. त्यावरून काहीजण ‘बआलच्या मुखातून आलेला’ असा मूळ अर्थ लावतात. दुसरे तो एका ‘फोडणे, विखुरणे’ अर्थाच्या धातूशी जोडतात. मग ‘लाज उधळून लावणारा’. ‘मरीब’चा संबंध ‘रीब’ या भांडण-कैवाराच्या धातूशी दिसतो: ‘बआल कैवार घेतो’. मफी आणि मरीब हे एकाच शब्दाचे दोन अवतार की दोन वेगळी नावं, यावर एकमत नाही. ग्रीक भाषांतराच्या एका परंपरेत मात्र ‘मेम्फिबआल’ असं रूप टिकलंय, म्हणजे पुढचा भाग मफीचा आणि शेवट बआलचा. लाजेचा हात फिरण्याआधीचं नाव असंच असेल, असं मला ते वाचताना वाटतं.

तालमुद या यहुदी ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, वेगळाच, सुंदर अर्थ काढला. त्यांच्या कथेत मफीबोशेथ दावीदाचा गुरू आहे, आणि धर्मशास्त्राच्या चर्चेत तो राजाची चूक दाखवून त्याला लाजवत असे, म्हणून हे नाव. व्याकरणाला हे मान्य होणार नाही. पण मेलेला कुत्रा म्हणवून घेणाऱ्या माणसाला त्यांनी राजाचा शिक्षक करून बसवलं, हे मला विसरता येत नाही.

मराठीत आल्यावर

आपल्या बायबलात ही नावं ध्वनी म्हणून येतात, अर्थ हिब्रूतच राहतो. ‘बोशेथ’ वाचताना मराठी वाचकाच्या कानाला लाज ऐकू येत नाही, ‘बआल’ वाचताना धनी ऐकू येत नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी उतारवयातली वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांवरून मराठी बायबल करण्यात घालवली. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून पूर्ण झालं. मुळापर्यंत जाण्याची त्यांची ती ओढ मला अशा नावांपाशी समजते.

नावावर भोवतालचा हात फिरणं आपल्या किनाऱ्यावरही घडलंय, सुदैवानं मायेनं. अष्टमकर, पेणकर, नागावकर अशी गावांवरून आडनावं घेतलेल्या बेने इस्राएल घरांत अब्राहमचा आबाजी झाला, सामुएलचा सामाजी, मोशेचा मुसाजी. शेवटी जोडलेला तो ‘जी’ मानाचा होता.

१९१० साली शोमरोनमध्ये, अहाबाच्या राजधानीत, उत्खनन चालू असताना जमिनीच्या भरावातून खापऱ्यांचे तुकडे निघाले. त्यांच्यावर शाईनं द्राक्षारस आणि तेलाचे हिशेब लिहिले होते, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातले. कोणत्या गावाहून, कोणाकडून, किती. दुसऱ्या क्रमांकाच्या तुकड्यावर नावांची छोटी यादी आहे: अबीबआल दोन, आहाज दोन, शेबा एक. आणि शेवटी मरीबआल, एक. हा योनाथानचा मुलगा नाही. तो दोनशे वर्षांपूर्वीच गेला. हा कोणी साधा माणूस, त्याच्या नावावर एक बुधला लागलेला. त्याचं नाव कोणी मोठ्यानं वाचणार नव्हतं, म्हणून कोणी बदललंही नाही. खापरी भरावात टाकली गेली आणि नाव जसंच्या तसं राहिलं.